संग्रहालयातील यहुदी आणि शेजारचा यहुदी
बेने इस्रायल इतिहासाच्या अध्यापनाविषयी काही विचार

१

इतिहासाचे अध्यापन वर्गाच्या चार भिंतींबाहेर न्यावे व विद्यार्थ्यास वस्तूंच्या प्रत्यक्ष दर्शनातून भूतकाळाचा परिचय करून द्यावा, हे मत आता शिक्षणशास्त्रात बहुतेक सर्वमान्य झाले आहे. यहुदी समाजाचा इतिहास व संस्कृती यांची ओळख करून देण्यासाठी आणि त्या निमित्ताने सहिष्णुतेचे मूल्य मनावर बिंबविण्यासाठी तर संग्रहालय-भेटीचा उपयोग अनेक देशांत पद्धतशीरपणे केला जातो. जेरुसलेम येथील याद वाशेम ही स्मारक-संस्था १९५३ साली कायद्याने स्थापन झाली. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक-संग्रहालय १९९३ साली उघडले. पोलंडमधील यहुद्यांच्या सुमारे एक हजार वर्षांच्या इतिहासाचे कायम प्रदर्शन वॉर्सा येथे २०१४ साली खुले झाले. या संस्थांनी शिक्षकांसाठी पाठ तयार केले, मार्गदर्शक शिकविले व शालेय सहलींस एक निश्चित शैक्षणिक स्वरूप दिले, हे त्यांचे कार्य निःसंशय मोठे आहे.

तथापि एखादी पद्धत एका भूमीत फलदायी ठरली म्हणून ती दुसऱ्या भूमीत जशीच्या तशी लावावी काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. युरोपातील विद्यार्थ्यापुढे मुख्यतः ६० लक्ष यहुद्यांच्या संहाराची स्मृती असते. ज्या नगरात तो राहतो त्याच नगरातून माणसे नेली गेली, ज्या घरासमोरून तो जातो त्याच घराचे दार एके काळी बंद झाले, ही जाणीव त्यास तेथील संग्रहालय करून देते. मराठी विद्यार्थ्याचा यहुद्यांशी आलेला संबंध अगदी निराळा आहे. तो संबंध कोणता व तो संग्रहालयाच्या द्वारे कितपत शिकविता येईल, याची चिकित्सा केल्यावाचून केवळ अनुकरण करणे इष्ट नव्हे.

ही चिकित्सा एखाद्या विशिष्ट ठिकाणी उभे राहून केली तर अधिक स्पष्ट होईल. सांगलीचे विश्रामबाग हे त्यास योग्य स्थळ आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय येथे आहे, अभियांत्रिकीचे वालचंद महाविद्यालय येथेच आहे, आणि कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांतून येणारा विद्यार्थी येथे शिकतो. त्याच्या नित्याच्या परिचयात यहुदी कुटुंब येण्याचा संभव फार थोडा. ‘ज्यू’ हा शब्द त्यास प्रथम भेटतो तो दुसऱ्या महायुद्धावरील पाठात. म्हणजे जर्मनीत, छळछावणीत आणि मृतांच्या संख्येत. आपल्याच भाषेत ओव्या गाणारा, पोहे-खोबरे खाणारा, गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव सांगणारा यहुदी समाज कोकणात शतकानुशतके राहिला, हे त्यास बहुधा कोणी सांगितलेले नसते. अध्यापनातील मूळ उणीव ही आहे. संग्रहालयात नेण्याने ती भरून निघते की अधिकच खोल होते, हे आता पाहू.

२

संग्रहालय ज्या रीतीने यहुदी इतिहास मांडते, तिचे स्थूलमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार स्मारक-संग्रहालयाचा. त्याचा विषय संहार आणि त्याचे साधन करुणा. त्यातून विद्यार्थ्यास अन्यायाचे भान येते, ही गोष्ट मोलाची आहे. परंतु ज्याची यहुद्यांशी ही पहिलीच भेट आहे त्यास यहुदी केवळ बळी म्हणून भेटतो. जो समाज सण साजरे करतो, भांडतो, व्यापार करतो, विनोद करतो, त्याचे जिवंत रूप झाकले जाते. वॉर्सातील संग्रहालयाने हा धोका ओळखून हजार वर्षांच्या जीवनाला मध्यवर्ती स्थान दिले आणि संहारास त्या कथेचा एक भाग म्हणून मांडले. या मांडणीचे महत्त्व त्यामुळेच विशेष आहे.

दुसरा प्रकार वस्तु-संग्रहाचा. जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयाने १९९५ साली भारतातील यहुद्यांवर एक मोठे प्रदर्शन भरविले. बेने इस्रायल, कोचीचे यहुदी व बगदादी या तिन्ही समाजांचा त्यात समावेश होता. त्याच संग्रहालयात कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा कोरीव लाकडी अंतर्भाग पुन्हा उभारण्यात आला आहे. अभ्यासकास अशा संग्रहाचे ऋण मान्य करावेच लागेल. पण वस्तू तिच्या परिसरातून उचलली की तिच्याभोवतीचा शेजार मागे राहतो. सिनेगॉगचे छत जेरुसलेमला नेता येते; शेजारच्या गल्लीतील मसाल्याचा वास, मशिदीची बांग व देवळातील घंटा यांना पेटीत घालता येत नाही.

तिसरा प्रकार रिकाम्या वास्तूचा. केरळातील चेंदमंगलम व परवूर येथील सिनेगॉग दुरुस्त करून त्यांना संग्रहालयाचे रूप देण्यात आले. वास्तू आपल्या जागी राहिली, परंतु उपासक राहिले नाहीत. येथे भेट देणारा विद्यार्थी शेजार पाहतो, पण शेजारी पाहत नाही.

महाराष्ट्राची स्थिती या तिहींपेक्षा भिन्न आहे. समाज लहान झाला, तरी नाहीसा झाला नाही. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातील यहुद्यांची संख्या पाच हजारांहून कमी भरली व त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मुंबईत मांडवी भागातील ‘शआर हारहमीम’ हे सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली स्थापन केले. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ मूळ १८४८ चे असून त्याची सध्याची वास्तू १९१० ची आहे. पुण्यातील ‘ओहेल डेव्हिड’ हे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहून १८६७ मध्ये पुरे झाले. ही उपासनास्थळे आहेत. त्यांस संग्रहालय समजून भेट देणाऱ्या सहलीने हे विसरता कामा नये की, तेथे विद्यार्थी प्रेक्षक नसून पाहुणा असतो. पाहुण्याने डोके झाकावे, शब्बाथच्या दिवशी छायाचित्रे काढू नयेत, विचारल्यावाचून पोथीस हात लावू नये. या साध्या शिष्टाचारात सहिष्णुतेचा जेवढा पाठ आहे तेवढा पुष्कळदा भिंतीवरील फलकांतही नसतो.

३

मराठी विद्यार्थ्यास यहुदी संस्कृतीचे पहिले दालन उघडून दाखवावयाचे असेल, तर ते काचेच्या पेटीत शोधण्याचे कारण नाही. ते त्याच्या भाषेत आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून वंश वाढला, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. ही घटना केव्हा घडली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु पुढील सामाजिक इतिहास शब्दांत स्पष्ट उमटला आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. या एका नावात दोन गोष्टी आहेत: गावाने त्यांना व्यवसायावरून आपल्या व्यवस्थेत जागा दिली, आणि त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाची नोंदही घेतली. दिवेकर, पेणकर, केहिमकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर ही आडनावे म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच होय.

उपासनेची शब्दसंपत्ती याहून बोलकी आहे. सिनेगॉगला बेने इस्रायल लोक ‘मशीद’ म्हणत. मुंबईचे पहिले सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. पुण्यात लाल विटांच्या ‘ओहेल डेव्हिड’ला लोकांनी ‘लाल देऊळ’ म्हटले. एकाच प्रकारच्या वास्तूला एके ठिकाणी मुसलमान शेजाऱ्याचा शब्द मिळाला आणि दुसऱ्या ठिकाणी हिंदू शेजाऱ्याचा. धर्मकृत्ये चालविणाऱ्यास ‘काजी’ ही संज्ञा होती. सणांची नावेही अशीच देशी: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण ज्या दिवशी करावयाचे, त्या दिवशी केळीच्या पानावर बिरडे वाढीत. म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शोकाचे नाव कोकणच्या वालावरून पडावे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक उत्कृष्ट उदाहरण आहे. संकल्पना बाहेरून येते, तिचे नाव मात्र स्वयंपाकघर देते.

अन्नाचेही तसेच. मांस व दूध एकत्र करू नये हा यहुदी धर्मनियम आणि कोकणातील नारळाची विपुलता यांची सांगड बेने इस्रायल स्वयंपाकात बसली. नारळाच्या दुधाने गाईच्या दुधाची जागा घेतली. नवस फेडताना वा मंगलप्रसंगी एलियाहू हन्नावी या पैगंबराच्या नावाने करावयाचा ‘मलिदा’ पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा असतो. ही सामग्री मराठी विद्यार्थ्यास परकी नाही. ती ज्याच्या नावाने अर्पण होते तो पैगंबर त्यास नवा आहे. परिचितातून अपरिचिताकडे जावे हे अध्यापनाचे जुने सूत्र येथे आपोआप साधते.

मुद्रित साधनांची मदतही मोठी आहे. जॉन विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहून १८३२ साली प्रसिद्ध केले. मिसर देशातून झालेल्या मुक्ततेची कथा ज्या ग्रंथातून वल्हांडणाच्या रात्री वाचतात, त्या हग्गादाची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली, आणि दुसरी सचित्र आवृत्ती पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुण्याच्या आवृत्तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत. हे एक चित्र विद्यार्थ्यापुढे ठेवून त्यास केवळ ‘काय दिसते?’ असे विचारले, तरी एक तासिका सहज सार्थकी लागेल. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तनेही सुरू केली. आख्यान अब्राहामाचे वा योसेफाचे, पण परंपरा नारदीय कीर्तनाची. स्थलांतरानंतर इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, हाही या साखळीचाच एक दुवा होय.

४

येथपर्यंतचे विवेचन वाचून एक सुखद समजूत होण्याचा संभव आहे: महाराष्ट्राने यहुद्यांना सुखाने नांदविले, म्हणून महाराष्ट्र सहिष्णु. संग्रहालयाची सहल या आत्मसंतोषात संपली, तर तिचा लाभ थोडा आणि हानी अधिक. म्हणून शिक्षकाने तीन गोष्टी टाळू नयेत.

पहिली गोष्ट ‘भारतात यहुद्यांचा कधीच छळ झाला नाही’ या वाक्यासंबंधी. हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. पोर्तुगिजांच्या गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले. गुप्तपणे यहुदी धर्म पाळतात अशा संशयावरून नवख्रिस्ती लोकांवर त्याने खटले चालविले. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याच्या बहिणीस १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून त्या जाळण्यात आल्या. हा छळ परकीय सत्तेने केला हे खरे. पण तो घडला याच भूमीवर. अचूकपणा हा सहिष्णुतेच्या शिक्षणाचा पहिला नियम आहे. अतिशयोक्ती गौरवाची असली तरी ती अतिशयोक्तीच होय.

दुसरी गोष्ट जातिव्यवस्थेसंबंधी. कोकणाने बेने इस्रायलांना आपला धर्म पाळू दिला, तो त्यांना एक जात मानून. रोटी-बेटीच्या मर्यादा ठरलेल्या, व्यवसाय ठरलेला, आणि तेल्याचे स्थान उतरंडीत उंच नव्हते. या व्यवस्थेत ‘राहू देणे’ होते. ‘समान मानणे’ नव्हते. इतकेच नव्हे, तर ही उतरंड त्या समाजाच्या अंतरंगातही शिरली. ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद बेने इस्रायलांत पडला. मिश्र विवाहांतून झालेल्या संततीस ‘काळे’ म्हणून वेगळे ठेवण्यात येई. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला इतिहासग्रंथ हे या समाजाचे मूलभूत साधन आहे. त्यातही हा भेद नोंदलेला आढळतो. शेजाऱ्याचे शब्द घेताना शेजाऱ्याचे दोषही घेतले जातात, हा या प्रकरणाचा बोध आहे.

तिसरी गोष्ट यहुद्यांनी यहुद्यांना दिलेल्या वागणुकीची. मुंबईतील बगदादी यहुद्यांनी १८३६ साली दफनभूमीत आपला भाग बेने इस्रायलांपासून भिंत घालून वेगळा करण्याची मागणी सरकारकडे केली होती. पुढे इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहासंबंधी तेथील धर्मपीठाने वंशशुद्धीची चौकशी आवश्यक ठरविली. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. लाल देवळाच्या भव्य मनोऱ्याखाली उभे असलेल्या विद्यार्थ्यास ससून घराण्याचे औदार्य सांगावे. त्याबरोबर दफनभूमीतील भिंतीची मागणीही सांगावी. छळ सोसलेला समाजही दुसऱ्यास दूर लोटू शकतो, हे कळल्याखेरीज सहिष्णुता ही इतरांनी शिकण्याची गोष्ट आहे असा भ्रम राहतो.

या ठिकाणी शब्दाचाच थोडा विचार उपयुक्त होईल. ‘सहिष्णुता’ या शब्दाच्या मुळाशी ‘सह्’ धातू आहे. त्याचा अर्थ सोसणे. इंग्रजी शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचाही अर्थ ओझे वाहणे, सहन करणे असाच. हिब्रूत सहिष्णुतेस ‘सोव्लानुत’ म्हणतात. त्याचे मूळही भार वाहण्याच्या अर्थाचे. तिन्ही भाषांनी मिळून एकच कबुली दिली आहे की, या गुणात दुसरा मनुष्य म्हणजे एक ओझे असतो आणि ते आपण उदारपणे वाहत असतो. मराठीत मात्र आणखी एक शब्द आहे: ‘शेजारधर्म’. त्यात ओझ्याची कल्पना नाही. देवघेव आहे, कर्तव्य आहे, आणि भांडणासही जागा आहे. बेने इस्रायलांच्या इतिहासातील उत्तम भाग शेजारधर्माचा आहे व त्यातील उणा भाग केवळ सोसण्याचा. विद्यार्थ्यास या दोहोंतील अंतर दाखविणे हेच अध्यापनाचे उद्दिष्ट असावे.

५

विश्रामबागेतील शिक्षकास हे कसे साधेल? मुंबई, अलिबाग व पुणे ही स्थळे दूर असली तरी एका सहलीच्या आवाक्यात आहेत. परंतु त्याआधी जवळची दोन स्थळे अभ्यासता येतील.

सातारा जिल्ह्यातील औंध येथे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उघडलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय चित्रसंग्रहासाठी प्रसिद्ध आहे. त्याच काळात औंध संस्थानात प्रजेस स्वराज्य देणारी घटना आकारास आली व १९३९ मध्ये अमलात आली. तिच्या घडणीत गांधीजींच्या मार्गदर्शनाबरोबर मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याचा मोठा वाटा होता. फ्रीडमन हे वॉर्साचे, यहुदी कुळात जन्मलेले. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत आणून त्यांनी ते १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. औंधची चित्रे पाहण्यास गेलेल्या विद्यार्थ्यास हा संबंध सांगितला, तर यहुदी म्हणजे केवळ बळी ही कल्पना आपोआप सैल होईल. ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात सहभागी झालेला एक कर्ता पुरुष त्यास दिसेल.

दुसरे स्थळ कोल्हापूरजवळील वळिवडे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. या छावणीचा उल्लेख पुष्कळदा यहुदी संहाराच्या कथेशी मिसळला जातो. वस्तुतः येथील बहुसंख्य लोक कॅथलिक होते, आणि सोव्हिएत सत्तेने केलेल्या हद्दपारीतून सुटून ते आले होते. दोन दुःखे एकाच महायुद्धातील असली तरी एक नव्हेत. वळिवडे येथे नेणाऱ्या शिक्षकाने हा भेद प्रथम स्पष्ट करावा. दुसऱ्याचे दुःख नेमक्या नावाने ओळखणे हीही सहिष्णुतेचीच एक कसोटी आहे.

कोकणच्या भेटीचा आराखडाही निराळा असावा. मार्गदर्शकाचे भाषण ऐकून परतण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या लहान गटांस एकेक निश्चित काम द्यावे. एका गटाने दफनभूमीतील हिब्रू व मराठी लेख उतरून घ्यावेत आणि कोणत्या पिढीत कोणती नावे आली ते पाहावे. सामाजी-हसाजी अशी मराठी वळणाची नावे मागे पडून सॅम्युएल-इझिकेल अशी रूपे केव्हा रूढ झाली, याचा त्यातून शोध लागेल. दुसऱ्या गटाने सणांची देशी नावे व त्यांचे हिब्रू पर्याय यांची सूची करावी. तिसऱ्याने अलिबागच्या इस्रायल आळीतील शेजाऱ्यांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, त्यांच्या आठवणी विचाराव्यात. यातील तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे; कारण १९४८ नंतर गेलेल्या कुटुंबांची घरे कोणी घेतली, निरोप कसा झाला, पत्रे किती वर्षे येत राहिली, हे कोणत्याही संग्रहालयाच्या फलकावर असत नाही, आणि सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

मुंबईत माझगाव येथील शाळेचाही या आराखड्यात समावेश व्हावा. केहिमकर व त्यांच्या बंधूंनी १८७५ मध्ये बेने इस्रायल मुलांसाठी काढलेली ही शाळा पुढे एली कदुरी यांच्या नावाने ओळखली गेली. १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० पर्यंत तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. मुळात एका समाजाच्या मुलांसाठी निघालेल्या या शाळेत पुढे इतर धर्मांची मुले बहुसंख्येने शिकू लागली. शेजार कसा बदलतो व संस्था त्यातून कशी टिकते, याचे हे चालते-बोलते उदाहरण आहे.

सारांश, संग्रहालयाची भेट हे साधन आहे आणि त्याचे मोल त्याआधीच्या तयारीवर व त्यानंतरच्या लेखनावर ठरते. ज्याने वर्गात हग्गादाचे मराठी पान वाचले आहे, ‘बिरड्याचा सण’ म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे, गोव्याच्या धर्मन्यायालयाची व दफनभूमीतील भिंतीची हकीकत ज्याने ऐकली आहे, त्यास सिनेगॉगच्या दारावरील मेझुझा ही एक विचित्र वस्तू वाटणार नाही. तो तिचा अर्थ विचारील, आणि विचारताना आपल्या दाराच्या चौकटीवर काय असते हेही त्यास आठवेल. एवढे झाले तर सहलीचा हेतू पुरा झाला असे समजण्यास हरकत नाही. हे न करता विद्यार्थ्यांना नुसते दालनांतून फिरवून आणले, तर ते दुसऱ्याच्या दुःखाविषयी हळहळ आणि आपल्या औदार्याविषयी अभिमान एवढेच घेऊन परततील. शेजाऱ्याची ओळख त्यांना तेव्हाही झालेली नसेल.